बांधावर संपणारे रस्ते

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : सोलापूरच्या हद्दवाढ भागातील वसाहतींचे एकमेकींशी न जोडलेले रस्ते

माझ्या गच्चीवरून नातीची शाळा दिसते. मधल्या सुट्टीची घंटा झाली की तीही घरात ऐकू येते. दोन्ही ठिकाणांमधले सरळ अंतर दोनशे मीटर भरते. हा अंदाज नव्हे. जमिनी मोजण्यातच माझी सगळी नोकरी गेली आणि टेप अजून घरात आहे. तरीही तिला शाळेत सोडायला रोज पावणेदोन किलोमीटरचा फेरा पडतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा विजापूर रस्त्यावरून, म्हणजे अवजड गाड्यांच्या सोबतीने, काटावा लागतो. आमची गल्ली जिथे संपते तिथे शेजारच्या लेआउटची नऊ इंची भिंत आहे. भिंतीला लागूनच पलीकडचा डांबरी रस्ता सुरू होतो.

आपल्या सदरात वाहतूक कोंडीवर नेहमी पत्रे येतात आणि त्यांत उड्डाणपूल, सिग्नल, रुंदीकरण, अतिक्रमणे हटवणे अशा मागण्या असतात. त्या चुकीच्या आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु मुख्य रस्त्यावर एवढी वाहने येतात कोठून आणि त्यांतली किती केवळ नाइलाजाने येतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हद्दवाढ भागात एका वसाहतीतून तिला खेटून असलेल्या दुसऱ्या वसाहतीत जायचे तरी आधी हमरस्ता गाठावा लागतो. दळण, भाजी, शिकवणी, दवाखाना ही सगळी अर्ध्या किलोमीटरची कामे; पण त्यांचा भार पुणे-हैदराबाद आणि विजापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गांवर पडतो. केगाव-हत्तूर बाह्यवळणाने परगावच्या मालमोटारी बाहेरून काढता येतात. कोथिंबिरीची जुडी आणायला निघालेल्या दुचाकीसाठी बाह्यवळण कोठून काढणार?

थोडे मागे जाऊन सांगतो. आपली नगरपालिका १८५२ सालची आणि महापालिका १९६४ सालची. १९९२ च्या हद्दवाढीपर्यंत शहराचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटर होते. हद्दवाढीने ते १७८.५७ चौरस किलोमीटर झाले, म्हणजे पाचपटीहून अधिक वाढले. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६ लाख ४ हजार होती आणि २०११ मध्ये, आत आलेल्या गावांसह, ती ९ लाख ५१ हजार भरली. जिथे एका चौरस किलोमीटरमध्ये १८ हजार माणसे राहत होती, तिथे सरासरी ५ हजार ३०० वर आली. या सरासरीत शेते, माळ आणि तळी सगळेच धरलेले असल्यामुळे तिचा अर्थ फार ताणू नये. पण २००१ ते २०११ या दशकात महापालिका हद्दीतली लोकसंख्या जेमतेम ९ टक्क्यांनी वाढली, आणि त्याच दशकात बाळे, शेळगी, दहिटणे, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव या अंगांना प्लॉट पाडण्याची जी घाई चालली होती ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पटेल की आपली वाढ माणसांची कमी आणि जमिनीच्या तुकड्यांची जास्त झाली.

हे तुकडे कसे पडले, ते मी मोजणीच्या निमित्ताने जवळून पाहिले आहे. एका गटाचा मालक शेत विकायला काढतो. गटाच्या एका अंगाने गाडीवाट असते. त्या वाटेपासून शेताच्या पोटात एक रस्ता घेतला जातो, दोन्ही बाजूंना प्लॉट पडतात आणि रस्ता समोरच्या बांधाला जाऊन थांबतो. पाच-सात वर्षांनी पलीकडचा मालक आपले शेत काढतो. त्याची वाट दुसऱ्या अंगाला असते, म्हणून त्याचा रस्ता उलट बाजूने येतो आणि त्याच बांधावर संपतो. दोन्ही रस्ते समोरासमोर आले तर नशीब म्हणायचे. बहुतेक वेळा ते एकमेकांना पंधरा-वीस फूट चुकवून येतात. कधीकाळी भावकीच्या वाटणीत पडलेला बांध अशा रीतीने शहराचा नकाशा ठरवून जातो. बांध कोरणारा शेतकरी आपल्याकडे बदनाम आहे, इथे मात्र बांध कोणीच कोरला नाही हीच अडचण होऊन बसली.

काही ठिकाणी रस्ता बांधापर्यंतही पोहोचू दिला जात नाही. टोकाला हातभर रुंदीची पट्टी मूळ मालकाच्या नावावर राखून ठेवलेली असते, म्हणजे पुढे शेजाऱ्याला वाट हवी झाली की पट्टीची किंमत सांगता येते. अशा पट्ट्या मी कागदावरही पाहिल्या आहेत आणि जागेवरही. त्यांत ज्वारीचे एक ताट उगवायचे नाही, पण भाव कोपऱ्यावरच्या प्लॉटचा.

गुंठेवारीने, म्हणजे शेतजमीन मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकण्याच्या पद्धतीने, यात भर घातली. २००१ च्या कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. घरे नियमित झाली हे चांगलेच झाले. तिथे राहणारी बरीच माणसे यंत्रमागावर आणि विडीवर पोट भरणारी आहेत. त्यांना जन्मभर बेकायदा म्हणवून घ्यायला लावून कोणाचेच भले होणार नव्हते. पण घराबरोबर त्यापुढचा बंद बोळही नियमित झाला. त्या बोळाला दुसरे तोंड फुटावे म्हणून काही करता आले असते, तर ती वेळ नियमितीकरणाची होती, कारण तेव्हा प्रत्येक मालक आपणहून कागद घेऊन दारात आला होता.

जुन्या शहराचे गुणगान गाण्याचा माझा हेतू नाही. भवानी पेठेतल्या किंवा पाच्छा पेठेतल्या कित्येक बोळांत चारचाकी नीट वळत नाही आणि कोणाच्या घरी लग्न निघाले तर मांडव रस्त्यातच पडतो. एक गोष्ट मात्र तिथे आहे. कन्ना चौकातून टिळक चौकाकडे निघालेल्या माणसाजवळ एक वाट कधीच नसते, चार-पाच असतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा मिरवणुकीचे रस्ते तासन्‌तास माणसांनी भरून जातात. तरी पेठेतला माणूस या बोळातून त्या बोळात शिरत घरी पोहोचतो आणि अडकल्याची तक्रारही करत नाही. जुळे सोलापुरात मात्र ड्रेनेजसाठी एक रस्ता खणला की दोन-तीन वसाहतींची वाट बंद होते. त्यात शहर आणि जुळे सोलापूर यांच्यामध्ये रेल्वेमार्ग आडवा आहे आणि तो ओलांडण्याच्या जागा मोजक्या आहेत, त्यामुळे आसरा पुलावर संध्याकाळी काय होते ते सोलापूरकरांना सांगायला नको.

रस्त्यांची जोडणी मोजता येते, आणि ते माप फार अवघडही नाही. नकाशावरचे एकेक टोक घ्यायचे आणि तिथून किती वाटा फुटतात ते मोजायचे. चौकाला चार, तिकटीला तीन, बंद गल्लीच्या टोकाला एक. सगळ्यांची सरासरी काढली की वसाहत कितपत जोडलेली आहे ते कळते. ज्या शहरात एका चौकाचे नावच सात रस्ता आहे, तिथल्या लोकांना ही कल्पना परकी वाटू नये. दुसरे माप फेऱ्याचे आहे. प्रत्यक्ष जावे लागते त्या अंतराला सरळ अंतराने भागायचे. काटकोनात आखलेल्या, पाठोपाठच्या गल्ल्यांत हा भागाकार ढोबळमानाने दीडच्या पुढे जात नाही. माझ्या घरापासून शाळेपर्यंत तो पावणेनऊ येतो.

ख्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी अशा प्रकारची मापे घेऊन जगभरच्या रस्त्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागात नव्या वसाहतींचे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले, असे त्यात दिसले. त्याआधी २०१५ मध्ये त्यांनी अमेरिकेपुरता जो अभ्यास केला होता त्यात तिथल्या नव्या रस्त्यांची तुटकता १९९४ च्या सुमारास कळसाला पोहोचून पुढे उतरू लागल्याचे आढळले होते. बंद गल्ल्यांच्या उपनगरांचे माहेरघर असलेला देश ज्या सुमारास मागे वळू लागला, नेमकी त्याच सुमारास आपली हद्दवाढ झाली, हा योगायोग मला नेहमी खटकतो. त्या संशोधकांचा आणखी एक मुद्दा कोणत्याही मोजणीदाराला मनोमन पटेल. इमारत पाडून नवी बांधता येते, पण रस्त्याची आखणी एकदा जमिनीवर पडली की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. आपल्या पेठांतली घरे कितीदा पडली आणि उभी राहिली, बोळ मात्र आहेत तिथेच आहेत.

रस्ता तुटतो तेव्हा त्याच्या आधाराने जाणारे बाकीचे सगळेही तुटते. जलवाहिनी रस्त्याखालून जाते, म्हणून रस्ता संपतो तिथे नळही संपतो. दोन्ही टोकांनी जोडलेल्या वाहिनीला पाणी दोन्हीकडून मिळते. टोक बंद असलेल्या वाहिनीवर शेवटच्या घरांना दाब पुरत नाही आणि गाळही तिथेच साचतो. उजनीहून शंभरावर किलोमीटर वाहून आणलेले, तेही काही दिवसांआड सुटणारे पाणी अखेर आमच्या गल्लीच्या शेवटच्या पन्नास फुटांत अडते. घंटागाडीला बंद गल्लीत वळायला जागा नसते. चालकाला संपूर्ण गल्ली उलटी काढावी लागते, म्हणून तो तोंडाशीच थांबतो आणि आतल्या बाजूच्या म्हाताऱ्या माणसांनी बादल्या घेऊन यायचे. बसचे तर नावच नको. बसला एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता आले पाहिजे, आणि तशी वाट बहुतेक वसाहतींत नाही. मग शेअर रिक्षा नाक्यावर सोडते आणि पुढचे चालणे उन्हातले. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये एक किलोमीटर म्हणजे काय असते, ते आखणी करणाऱ्याने दुपारी दोन वाजता एकदा चालून पाहावे.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर कुंभारीकडे पाहावे. विडी कामगार महिलांसाठी तिथे आधी १० हजार घरांची वसाहत झाली आणि नंतर रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प उभा राहू लागला, ज्यातली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. कष्टकऱ्यांनी संघटित होऊन मिळवलेली ही घरे आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. आतल्या गल्ल्यांची आखणीही सरळ आहे. परंतु एका लहान शहराएवढी ही वस्ती महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे आणि तिचा शहराशी येण्याजाण्याचा मुख्य भरवसा अक्कलकोट रस्त्यावरच आहे. आतून कितीही जोडलेली वसाहत बाहेरून एकाच धाग्याने लोंबत असेल, तर तिथल्या बाईचा कामाला जाण्यायेण्याचा वेळ आणि रिक्षाचे भाडे घराच्या हप्त्याइतकेच तिच्या डोक्यावर बसते.

वाट खुली करण्याचा विषय निघाला की पहिली हरकत येते ती सुरक्षिततेची. आमच्या गल्लीची बैठक झाली तेव्हाही तीच आली : भिंत पाडली तर चोर येतील, पोरे गाड्या भरधाव नेतील, उद्या रिक्षा थांबा होईल. ही भीती खोटी नाही. मी स्वतः बारा वर्षांपूर्वी याच भिंतीच्या बाजूने मत दिले होते, हेही कबूल करतो, कारण तेव्हा नात नव्हती आणि पलीकडे शाळाही नव्हती. पण भिंत पाडा असे कोणी म्हणतच नाही. चार फुटांचे दार पुरे आहे. मधोमध लोखंडी खांब रोवला की माणूस आणि सायकल जाते, मोटार जात नाही. चोरांविषयी इतकेच सांगतो की आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत ज्या दोन चोऱ्या झाल्या, त्या भिंत असताना झाल्या. संध्याकाळनंतर ज्या गल्लीतून कोणी जातच नाही तिथे कोण उभे आहे हे पाहायलाही कोणी नसते.

आता कायद्याचे. शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तो तहसीलदाराकडे अर्ज करू शकतो आणि दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळवू शकतो. म्हणजे तेच शेत जोवर शेत होते तोवर त्याला बांध ओलांडण्याचा मार्ग होता. शेताचे चाळीस प्लॉट होऊन तिथे चाळीस कुटुंबे राहायला आली की त्या चाळीस जणांजवळ तसे सोपे दार उरत नाही. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत लेआउटमधल्या रस्त्यांचा शेजारच्या जमिनींवरील रस्त्यांशी मेळ घालण्याची अपेक्षा आहे. पण मंजुरीच्या टेबलावर एका वेळी एकाच गटाचा नकाशा असतो. शेजारच्या गटाचा मंजूर नकाशा दुसऱ्या फायलीत आणि ती फाईल दुसऱ्या कपाटात. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून पाहणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, आणि माझ्या अनुभवात तीच होत नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने २००९ मध्ये एक साधी युक्ती केली. नव्या वसाहतीचे रस्ते शेजारच्या रस्त्यांना पुरेसे जोडलेले नसतील तर सरकार ते देखभालीसाठी ताब्यात घेणार नाही, असा नियम केला. बिल्डरांच्या ओरडीनंतर तो पुढे बराच सैल झाला, तरी त्यातली कळ ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडेही लेआउटचे रस्ते शेवटी महापालिकेच्याच गळ्यात पडतात आणि डांबर, दिवे, गटार सगळे तिनेच पाहायचे असते. रस्ता थेट हद्दीच्या रेषेपर्यंत नेला आहे, टोकाला कोणाच्या नावाची पट्टी उरलेली नाही आणि पलीकडच्या मंजूर रस्त्याशी तो समोरासमोर येतो, एवढे जागेवर तपासल्याशिवाय अंतिम मंजुरी देऊ नये. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक मोजणीदार लागतो.

ज्या जमिनी अजून मोकळ्या आहेत तिथे नगररचना परियोजना हा अधिक चांगला मार्ग आहे. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरून आधी रस्ते, बागा व शाळांच्या जागा आखायच्या आणि मग प्रत्येकाला थोडी लहान पण रस्त्यावर आलेली जमीन परत द्यायची, अशी ही पद्धत आहे. मुंबई प्रांतात ती १९१५ च्या कायद्यापासून आहे. गुजरातेत अहमदाबादची बरीच वाढ याच पद्धतीने झाली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही तिची तरतूद आहे, आपण ती मनावर घेत नाही इतकेच. बांध मोडायचा तर तो सगळ्यांचा एकदम मोडावा लागतो; एकेकाला विचारत बसले तर शेवटचा माणूस हातभर पट्टी धरून बसणारच.

आणखी एक तयार साधन आपल्या हातात आहे. हद्दीत आलेल्या प्रत्येक गावाच्या जुन्या नकाशावर शिवरस्ते आणि पाणंदी दाखवलेल्या आहेत. त्या सरकारी आहेत, गटागटांच्या मधून जातात आणि बहुधा एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडतात. त्यांतल्या काही आज कोणाच्या कंपाउंडमध्ये गेल्या आहेत, काहींवर टपऱ्या आहेत, काहींत गटाराचे पाणी वाहते. नव्याने जमीन संपादन करण्याआधी त्या शोधून मोकळ्या केल्या तर निदान पायी आणि सायकलीने जाण्यापुरते एक जाळे शहराला फुकटात मिळेल. शेळगीच्या बाजूला नाले आडवे येतात तिथे पायी जाण्यापुरता लहान पूल घालावा लागेल. त्याचा खर्च उड्डाणपुलाच्या एका खांबाएवढाही होणार नाही.

सोलापूर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आले तेव्हा आम्ही सगळेच हरखलो होतो. त्या योजनेतले बरेच काम शहराच्या मध्यभागी झाले, म्हणजे जिथे रस्त्यांची जोडणी मुळातच बरी होती तिथे. हद्दवाढ भागासाठी महापालिकेने प्रभागवार एक यादी प्रसिद्ध करावी, एवढीच माझी पहिली मागणी आहे : कोणत्या गल्ल्या कोणत्या गटाच्या हद्दीवर थांबल्या आहेत, पलीकडे काय आहे, आणि मधली जागा कोणाच्या नावावर आहे. अशी यादी झाली की त्यांतल्या पुष्कळ गल्ल्यांना जोडण्यासाठी भूसंपादन नव्हे, फक्त दोन सोसायट्यांची संमती आणि एक गवंडी पुरेल असे दिसून येईल.

माझ्या घराच्या आसपासच्या एका चौरस किलोमीटरचा असा नकाशा मी व माझ्या एका निवृत्त सहकाऱ्याने गेल्या उन्हाळ्यात सकाळी सकाळी फिरून तयार केला आहे. प्रत्येक बंद टोक, भिंत, पट्टी आणि नाला त्यावर मापासह दाखवला आहे. झोन कार्यालयाने मागितल्यास त्याची प्रत मी स्वतः आणून देईन. आमच्या गल्लीच्या बैठकीत चार फुटांच्या दाराचा ठराव आता मंजूर झाला आहे. पलीकडच्या सोसायटीचे उत्तर यायचे आहे. ते जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आले तर बरे.

आपला नम्र,
एक निवृत्त मोजणीदार,
जुळे सोलापूर